तरंगत्या पेन्सिलीची भिंत

चुंबकावर तरंगणारी पेन्सिल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे आणि अनेकांनी ती वर्गात करूनही दाखवली आहे. रबरी चपलेच्या तळाचा किंवा जाड फोमचा एक तुकडा, त्यात चिरा पाडून जोडीजोडीने उभे खोचलेले चार वलयाकार चुंबक, पेन्सिलीवर घट्ट बसवलेले तसेच आणखी दोन चुंबक, आणि एका टोकाला उभा केलेला जुन्या सीडीचा तुकडा, एवढे साहित्य. पेन्सिल अलगद सोडली की तिचे टोक सीडीला टेकते आणि बाकी सगळी पेन्सिल हवेत राहते. बोटाने गिरकी दिली तर बराच वेळ फिरत राहते. खर्च थोडा, वस्तू भंगारातल्या, आणि परिणाम असा की मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे येतात. अरविंद गुप्ता यांनी हे खेळणे आपल्या पुस्तकांतून, शिबिरांतून आणि पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेच्या कामातून देशभरच्या शाळांत पोचवले. त्यांचे हे ऋण मान्य करूनच पुढचे लिहीत आहोत.

कथेचे परीक्षण होते, नाटकाचे होते, पाठ्यपुस्तकाचेही होते. खेळण्याचे मात्र होत नाही. ते 'चालते' की नाही एवढेच आपण पाहतो. पण विज्ञानाचे खेळणेही काही सांगत असते, काही दडवत असते, आणि कधी कधी त्याच्यासोबत दिलेली चिठ्ठी त्याच्या सांगण्याच्या नेमके उलट बोलते. तरंगत्या पेन्सिलीचे परीक्षण या नजरेने करण्यासारखे आहे. त्याला निमित्त मिळाले ते कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरातल्या एका यंत्रशाळेत घडवलेल्या या खेळण्याच्या धातूच्या आवृत्तीचे. तिच्याकडे वळण्याआधी मूळ खेळणे नीट पाहू.

प्रदर्शनांत या खेळण्याशेजारी जो तक्ता असतो त्यावर साधारणपणे लिहिलेले असते : 'समान ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण होते. त्यामुळे पेन्सिल हवेत तरंगते.' पहिले वाक्य खरे आहे, पण ते वाचून मुलाच्या डोळ्यांसमोर येते ते चित्र वेगळेच. उत्तर ध्रुवासमोर उत्तर ध्रुव, एकावर एक ठेवलेल्या चकत्या आणि मधे फट. पेन्सिलीत तसे नाही. इथे कोणत्याही चुंबकाचे तोंड दुसऱ्याच्या तोंडासमोर नाही. सहाही चुंबक पेन्सिलीच्या लांबीला आडवे उभे आहेत आणि सहांचेही उत्तर ध्रुव एकाच दिशेला आहेत. शाळेच्या कवायतीत मुले शेजारी शेजारी, सगळी एकाच दिशेला तोंड करून उभी राहतात, तसे. असे शेजारी ठेवलेले चुंबक एकमेकांना बाजूला ढकलतात. हेच चुंबक एकामागे एक, एका रांगेत आणले तर मात्र खेचतात. एकाच जोडीत प्रतिकर्षण आणि आकर्षण दोन्ही आहेत, आणि कोणते मिळणार हे कोणत्या दिशेने जवळ आणले यावर ठरते. या खेळण्याचे सगळे मर्म इथे आहे आणि तक्त्यावर त्याचा उल्लेख नसतो.

दुसरे वाक्य तर खोटेच आहे. पेन्सिल तरंगत नाही, ती टेकलेली आहे. सीडीचा तुकडा काढून घ्या. पेन्सिल क्षणात पुढे झेपावते, वेडीवाकडी होते आणि तिचे चुंबक तळाच्या चुंबकांना जाऊन चिकटतात. मग भिंत लागते कशाला? तक्ता म्हणतो, 'आधारासाठी'. पेन्सिलीचे वजन तर चुंबकांनी पेललेले आहे, मग हा आधार कशाचा, असा प्रश्न विचारणारे मूल भेटले तर त्याला शाबासकी द्यावी, कारण त्याने खेळण्यातला सर्वांत मोलाचा भाग हेरला आहे.

१८४२ साली सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याला चुंबकांचे खेळणे करायचे नव्हते. त्या काळी प्रकाशलहरींचे माध्यम मानल्या गेलेल्या ईथरचे कण कोणत्या बलांनी जागच्या जागी राहत असतील, याचा तो विचार करत होता. त्याने सिद्ध केले, की अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलणाऱ्या बलांच्या जोरावर कोणताही कण स्थिर समतोलात राहू शकत नाही. ईथर पुढे विज्ञानातून गेला. अर्नशॉचा सिद्धांत राहिला. स्थिर विद्युतभारांना तो लागू आहे, गुरुत्वाला आहे आणि कायमच्या चुंबकांनाही आहे.

सिद्धांताचे गणित अकरावी-बारावीच्याही पुढचे आहे, पण त्याचा आशय घाटाच्या चित्राने सांगता येतो. वाटीत गोटी ठेवली तर ती कोणीकडेही ढकलली तरी परत तळाशी येते. हा स्थिर समतोल. आता दोन डोंगरांमधल्या खिंडीत गोटी ठेवा. डोंगरांच्या दिशेने ढकलली तर ती परत येते. वाटेच्या दिशेने ढकलली तर मात्र घाट उतरून जाते. अर्नशॉचे म्हणणे असे, की स्थिर चुंबकांच्या भोवतालच्या रिकाम्या जागेत ऊर्जेचा नकाशा काढला तर त्यात खिंडी सापडतील, वाटी कुठेही सापडणार नाही. चुंबक कितीही घ्या, कसेही मांडा.

अंकांच्या भाषेत हेच आणखी नेमके होते. पेन्सिल जागेवरून एक मिलिमीटर हलवली तर तिला परत ओढणारे बल किती, याला त्या दिशेचा ताठरपणा म्हणू. वर-खाली, डावी-उजवी आणि पुढे-मागे अशा तीन दिशांचे तीन ताठरपणे झाले. अर्नशॉच्या सिद्धांताप्रमाणे या तिघांची बेरीज शून्य असते. पेन्सिलीत वर-खालीचा ताठरपणा धन आहे, कारण दाबली तर ती उसळून वर येते. डावी-उजवीचाही धन आहे, कारण तळाचे चुंबक जोडीने लावल्यामुळे त्यांच्यामध्ये पन्हळीसारखी जागा तयार होते. मग तिसरा ऋण असलाच पाहिजे, आणि तोही पहिल्या दोघांच्या बेरजेइतका. म्हणजे पुढे-मागे पेन्सिल अस्थिर आहे. पेन्सिलीचे चुंबक तळाच्या चुंबकांच्या बरोबर वर न ठेवता काही मिलिमीटर पुढे का ठेवतात, तेही इथे कळते. पुढे सरकले की पुढचेच ढकलणे मिळते. हे ढकलणे ज्या दिशेला, त्याच दिशेला भिंत उभी केली की काम झाले. दोन दिशांनी मिळवलेल्या स्थैर्याची किंमत तिसऱ्या दिशेला चुकवावी लागते आणि ती भिंत चुकवते.

वर्गात सांगताना आम्ही क्रम उलटा ठेवतो. आधी मुलांना भिंतीशिवाय पेन्सिल तरंगवून दाखवायचे आव्हान द्यायचे. एक पूर्ण तास जातो. कोणी मागेही चुंबक लावतो, कोणी बाजूला लावतो, कोणी धाग्याने बांधून 'झाले' म्हणतो आणि मित्रांकडून मार खातो. तासाच्या शेवटी अर्नशॉचे नाव सांगितले की ते कानाआड जात नाही, कारण ज्याने आपल्याला तासभर हरवले तो माणूस मुलांच्या लक्षात राहतो.

तक्त्यावरचा आणखी एक दावा तपासायला हवा. 'याच तत्त्वावर चुंबकीय रेल्वे धावते.' शांघायमध्ये २००४ पासून प्रवासी वाहतूक करणारी चुंबकीय गाडी घ्या. तिचे विद्युतचुंबक मार्गाच्या कडेखालून वर खेचले जातात, म्हणजे तिथे काम करते ते आकर्षण. आकर्षणाने गाडी मार्गाला जाऊन चिकटू नये म्हणून मधली सुमारे १० मिलिमीटरची फट सतत मोजली जाते आणि तिच्याप्रमाणे विद्युतप्रवाह कमी-जास्त केला जातो. जपानची गाडी अतिवाहक चुंबकांची आहे. ती धावू लागल्यावर मार्गालगतच्या वेटोळ्यांत निर्माण होणाऱ्या प्रवाहांवर उचलली जाते, आणि वेग कमी असताना तिला चक्क चाके लागतात. दोन्ही गाड्या अर्नशॉला बगल देतात. एक प्रवाह बदलत ठेवून, दुसरी गतीने. पेन्सिल तशी बगल देत नाही, ती भिंतीला टेकते. तिचा खरा भाऊबंद शोधायचा तर तो आपल्याच घरांतल्या जुन्या तबकडीच्या वीजमीटरात सापडे. त्यांपैकी काही प्रकारांत फिरत्या तबकडीचे वजन वलयाकार चुंबक पेलत, आणि दांडा बाजूला सरकू नये म्हणून वर-खाली बारीक पिना असत. चुंबकाने वजन घ्यायचे आणि पिनेने दिशा राखायची, ही पेन्सिलीचीच विभागणी. पण 'वीजमीटराचे तत्त्व' असे लिहिलेला तक्ता कोण वाचणार?

आता कोल्हापूरच्या आवृत्तीकडे येऊ. कोल्हापूरला अशी वस्तू घडवून घेणे अवघड नाही. शेतीपंपांची आणि गुऱ्हाळांची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता इथे सुटे भाग, मग पूर्ण इंजिने आणि मग ओतकामाचे कारखाने उभे राहिले. बाबूराव पेंटरांनी चित्रपटाचा कॅमेरा इथेच घडवला. 'नमुना आणा, तसा करून देतो' ही इथल्या मिस्त्रींची जुनी रीत आहे. एका शाळेने प्रदर्शनासाठी तरंगती पेन्सिल अशीच करवून घेतली आणि ती आमच्याकडे मत विचारण्यासाठी आली. शाळेचे किंवा यंत्रशाळेचे नाव देण्याचे कारण नाही.

वस्तू देखणी आहे. अॅल्युमिनिअमचा जाड तळ, मिलिंग मशीनवर पाडलेल्या खाचा, त्यांत चिकटद्रव्याने कायमचे बसवलेले चार चुंबक. पेन्सिलीच्या जागी लेथवर टोक काढलेला पितळी दांडा. भिंत म्हणून घासून चकचकीत केलेली पोलादी पट्टी, स्क्रूने आवळलेली. वरून अॅक्रिलिकची पेटी आणि तिच्यावर 'हात लावू नये' अशी सूचना.

मूळ खेळण्याचे दोष या आवृत्तीने ओळखले आहेत, हे आधी कबूल केले पाहिजे. रबराच्या चिरा महिनाभरात सैल होतात, चुंबक कलंडतात, सीडी वाकते आणि खेळणे कपाटाच्या तळाशी जाते. पुढच्या वर्षी नवे करायचे म्हटले तर शिक्षकांना वेळ नसतो. टिकाऊपणाची मागणी अगदी रास्त आहे. अॅल्युमिनिअमची निवडही योग्य, कारण चुंबक त्याला जवळपास ओळखतच नाही.

पुढच्या निवडी मात्र धातूकामाच्या सवयीने झाल्या आहेत, चुंबकाला विचारून झालेल्या नाहीत. दांड्याचेच पाहा. ८ मिलिमीटर जाड आणि १८ सेंटिमीटर लांब पितळी दांड्याचे वजन सुमारे ७७ ग्रॅम भरते. तेवढाच अॅल्युमिनिअमचा २४ ग्रॅम, आणि लाकडी पेन्सिल जेमतेम ५. प्रत्येकी १६ ग्रॅमचे दोन चुंबक धरले तर पेन्सिलीचे एकूण ओझे ३७ ग्रॅम होते, पितळी दांड्याचे १०९. तिप्पट ओझे म्हणजे दांडा तळाच्या चुंबकांच्या अगदी अंगावर बसणार. प्रत्यक्षात फट इतकी कमी आहे की दोन पावलांवरून ती दिसतच नाही. ज्या हवेसाठी सारा खटाटोप, तीच गेली.

पोलादी भिंत हा त्याहून मोठा दोष. दांड्याचा पुढचा चुंबक त्या पट्टीला स्वतःच खेचतो, त्यामुळे दांडा भिंतीला टेकतो तो तळाच्या चुंबकांच्या ढकलण्याने की पट्टीच्या ओढीने, हे कळायला मार्ग उरत नाही. भिंतीने एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते, ती स्वतःच दुसरे चुंबक होऊन बसली. काच, सीडी किंवा पितळ, यांपैकी काहीही चालले असते. यंत्रशाळेतल्या बिडाच्या टेबलावर हे खेळणे ठेवले तर आणखी गंमत दिसते. खालचे बीड तळाच्या चुंबकांचे क्षेत्र आपल्यात ओढून घेते आणि तरंगण्याची उंची कमी होते. लाकडी टेबलावर आणा, दांडा थोडा वर येतो. हा प्रयोग मात्र मुद्दाम करून दाखवण्यासारखा आहे.

आमचा मुख्य आक्षेप मात्र चिकटद्रव्यावर आहे. चपलेच्या तळातले चुंबक बोटाने सरकवता येतात. मूल पेन्सिल ठेवते, ती पडते, चुंबक जरा मागे, पुन्हा पडते, आता जरा पुढे, आता टेकली. या दहा मिनिटांत त्याच्या बोटांना खिंडीचा आकार कळतो. शब्द नंतर येतात. धातूच्या आवृत्तीत योग्य जागा मिस्त्रीने शोधली आणि कायमची बंद करून टाकली. खेळणे दर वेळी चालते, म्हणून ते काही विचारत नाही. अचूकपणा ही धातूकामाची मोठी देणगी आहे, पण इथे ती चुकीच्या जागी खर्च झाली. २०१६ पासून अनेक शाळांना अटल टिंकरिंग लॅबसाठी वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. तिथल्या त्रिमितीय छपाईयंत्रावर हाच तळ छापला, तरी प्रश्न हाच राहतो. शेवटी किती गोष्टी मुलाच्या हातात हलवायला उरल्या?

परीक्षण एवढ्यावर थांबवले असते तर ते तक्रारीचे पत्र झाले असते. म्हणून आम्ही उद्यमनगरातल्याच एका अनुभवी टर्नरकडे बसून दुसरा नमुना करवून घेतला. त्यांना अर्नशॉ सांगावा लागला नाही. चुंबक सरकते ठेवायचे म्हटल्यावर त्यांनीच विचारले, "सर, भिंत पण हलती ठेवायची का? मग स्क्रूवर घेऊ या. एक फेरा, एक मिलिमीटर." सहा मिलिमीटरच्या, म्हणजे एम-६ च्या नेहमीच्या स्क्रूचा आटा बरोबर एक मिलिमीटरचा असतो, हे त्यांच्या बोटांत मुरलेले आहे. त्या एका वाक्याने खेळण्याचे उपकरण झाले.

तळ अॅल्युमिनिअमचाच, ३० सेंटिमीटर लांब. त्यात लांबीच्या दिशेने दोन सरळ खाचा, चुंबकांच्या जोड्या त्यांत सरकतात आणि पितळी चाकीने आवळल्या जातात. भिंत म्हणजे सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी, एका छोट्या ठोकळ्यावर बसवलेली, आणि तो ठोकळा पितळी एम-६ स्क्रूने पुढे-मागे होणारा. दांडा मात्र शाळेचीच पेन्सिल. तीवर चुंबक घट्ट बसावेत म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. टोक झिजले की पेन्सिल करावी. टोकदार पेन्सिल बोथट पेन्सिलीपेक्षा जास्त वेळ फिरते, कारण घर्षणाचे बल तेवढेच असले तरी त्याची भुजा लहान असते. हे पितळी दांड्याने कळले नसते.

या उपकरणावर वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना पेन्सिल भिंतीवर किती जोराने टेकते हे मोजता येते, आणि त्यासाठी तराजूही लागत नाही. भिंतीकडचे टोक हळूहळू उचलत जायचे. उतार वाढला की पेन्सिलीच्या वजनाचा एक भाग तिला मागे ओढू लागतो, आणि एका क्षणी ती भिंत सोडून मागे उडी घेते. समजा हे टोक साडेचार सेंटिमीटर उचलल्यावर घडले. ४·५ भागिले ३० म्हणजे ०·१५, त्याला ३७ ग्रॅमने गुणले की सुमारे साडेपाच ग्रॅमवजन आले. तेवढे भिंतीवरचे ढकलणे. आता स्क्रूला एक फेरा द्या आणि पुन्हा मोजा. सात-आठ फेऱ्यांचे आकडे आलेखावर मांडले की दिसते, भिंत मागे घेत गेले तसे ढकलणे कमी होत शून्याकडे येते. त्या शून्यावर, चुंबक बरोबर चुंबकांच्या वर असताना, पेन्सिल थांबत नाही. किंचित इकडे की पुढे, किंचित तिकडे की मागे. टर्नर त्याला लगेच 'डेड सेंटर' म्हणाले. इंजिनातला दट्ट्या वरच्या टोकाला पोचतो ती जागा. उपमा तंतोतंत नाही, पण वर्गात चालेल.

आलेखाचा चढ म्हणजे पुढे-मागेचा ताठरपणा, चिन्ह ऋण. स्क्रूच्या ज्या जागेवरचा चढ घेतला, बाकीचे दोन ताठरपणेही त्याच जागेवर मोजायचे. वर-खालीसाठी दोन्ही चुंबकांजवळ सारख्या वजनाच्या मातीच्या गोळ्या लावाव्यात आणि पेन्सिल किती खाली बसते ते टॉर्चच्या उजेडात पडद्यावरच्या सावलीवरून मोजावे. डावी-उजवीसाठी तळ बाजूला कलता करावा. काचेवरचे घर्षण टोकाला अडकवून ठेवते, म्हणून मोजताना पेन्सिल संथ फिरती ठेवावी. मग तिन्ही आकडे शेजारी लिहायचे. अर्नशॉप्रमाणे बेरीज शून्य यायला हवी. शाळेच्या साधनांनी अगदी शून्य येणार नाही, पण दोन धन आकड्यांची बेरीज तिसऱ्या ऋण आकड्याच्या आसपास येते का, हे पाहण्यात एका विज्ञान प्रकल्पाचा ऐवज आहे. १८४२ चा सिद्धांत चपलेच्या खेळण्यावर मोजून पाहिला, असे सांगता येण्याची संधी विद्यार्थ्याला वारंवार येत नाही.

असा नमुना करवून घेणाऱ्या शिक्षकांसाठी काही सावधगिरीच्या गोष्टी. 'स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही' यावर विसंबू नये. काही जातींच्या स्टेनलेसला तो सरळ चिकटतो, आणि ज्या जातीला चिकटत नाही तिचाही स्क्रू थंड अवस्थेत ठोकून घडवताना थोडा चुंबकीय होऊ शकतो. यंत्रशाळेतून निघण्यापूर्वी प्रत्येक स्क्रू दोऱ्याला टांगलेल्या चुंबकाजवळ नेऊन पाहावा. वजने म्हणून नाणी वापरू नयेत, हल्लीची एक आणि दोन रुपयांची पोलादी नाणी चुंबकाला चिकटतात. चुंबक काम चाललेल्या लेथजवळ उघडे ठेवू नयेत. बिडाचा बारीक चुरा त्यांना केसाळ करून टाकतो आणि मग तो पुसून निघत नाही, चिकटपट्टीने उचलावा लागतो. काळे फेराइट चुंबक ही एक प्रकारची भाजलेली माती आहे. ते व्हाइसमध्ये आवळू नयेत आणि त्यांना भोक पाडायला जाऊ नये, तडकतात.

फेराइटऐवजी चकचकीत निओडिमिअम चुंबक घ्यावेत, असा सल्ला यंत्रशाळेत हमखास मिळतो. ते कितीतरी जोरदार असतात, पितळी दांडाही सहज उचलतील. शाळेसाठी तो सल्ला आम्ही मानणार नाही. जोर जास्त म्हणजे पेन्सिल निसटली की बोट चिमटणार, चुंबक आदळून फुटणार. आणि लहान आकाराचे दोन निओडिमिअम चुंबक एखाद्या मुलाने गिळले तर आतड्याच्या दोन घड्या मध्ये पकडून ते एकमेकांना चिकटतात आणि आतडे छेदतात. शस्त्रक्रियेशिवाय मग सुटका नसते. मोठ्या आकाराचे फेराइट चुंबक या दृष्टीने पुष्कळ सुरक्षित. निओडिमिअमचा एखादा चुंबक हवाच असेल तर तो शिक्षकांनी आपल्या ताब्यात ठेवावा आणि तांब्याच्या किंवा अॅल्युमिनिअमच्या जाड नळीतून सोडून दाखवावा. नळीच्या भिंतीत निर्माण होणारे भोवरा प्रवाह त्याला इतके रोखतात, की तो नळीतून उतरताना मोजत बसावे लागते. यंत्रशाळेत नळीचे असे तुकडे पडलेलेच असतात.

भिंतीशिवाय तरंगणारी खेळणी आहेत का, असे विद्यार्थी विचारतीलच. आहेत. वलयाकार चुंबकावर हवेत फिरणाऱ्या भोवऱ्याचे पेटंट अमेरिकेत रॉय हॅरिगन यांना १९८३ साली मिळाले. अर्नशॉच्या दाखल्याने असे होणे अशक्य मानले जात होते, पण भोवरा फिरत असतो आणि सिद्धांत स्थिर चुंबकांबद्दल बोलतो. तो नेमका कसा टिकतो याची समाधानकारक मीमांसा मायकेल बेरी यांनी १९९६ मध्ये केली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधील नायमेखन येथे आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी १६ टेस्लाच्या क्षेत्रात जिवंत बेडूक तरंगवल्याची हकीकत प्रसिद्ध झाली. बेडकातले पाणी प्रतिचुंबकीय असते, म्हणजे बाहेरच्या चुंबकापासून किंचित दूर पळते, आणि तशा पदार्थांना अर्नशॉचा मनाई हुकूम लागू होत नाही. बेडूक आपल्याला जमणार नाही. भोवरा जमेल, पण त्याचे वजन ग्रॅमच्या अंशापर्यंत जुळवावे लागते आणि तळ बारकाईने समपातळीत आणावा लागतो. त्यासाठी तळाला तीन समायोजक स्क्रू लागतील. ते पितळीच हवेत, एवढे आमच्या टर्नरनी आताच वहीत लिहून ठेवले आहे.